गाठीवरचे इंजेक्शन : गुण औषधाचा की सुईचा?

खांद्यावर, मानेजवळ दाबले की एक कडक गाठ हाताला लागते आणि कळ थेट कपाळाच्या बाजूपर्यंत जाते. हा अनुभव तुम्हालाही आला असेल. याला आम्ही 'ट्रिगर पॉइंट' म्हणतो. ही कॅन्सरची गाठ नव्हे, तर स्नायूचा आखडून राहिलेला दुखरा भाग आहे. अशा वेळी रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, एक स्ट्राँग इंजेक्शन देऊन टाका!" त्यांना मी या इंजेक्शनचा इतिहास सांगतो.

1938 मध्ये लंडनच्या डॉ. जोनास केलग्रेन यांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचले. वेदना टोचल्या जागेपासून दूर जाणवू लागली! म्हणजे जिथे दुखते, मूळ तिथेच असते असे नाही.

1942 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी खांदेदुखीच्या रुग्णांना दुखऱ्या जागी प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचून आलेले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे पाठदुखीने हैराण झालेले जॉन केनेडी त्यांचे रुग्ण झाले. 1961 मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ट्रॅव्हेल त्यांच्या व्हाइट हाउसमधील डॉक्टर झाल्या. या पदावरील त्या पहिल्या महिला.

पण केनेडींना पुन्हा पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागत होती. त्याच वर्षी डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले. त्यांनी इंजेक्शनांऐवजी नियमित व्यायामावर भर दिला आणि केनेडींची पाठ बरीच सुधारली.

आता खरा प्रश्न : गुण कशाचा? 1979 मध्ये प्राग येथील डॉ. कारेल लेविट यांनी लिहिले की औषध न घालता नुसती सुई नेमक्या जागी टोचली तरी अनेकांचे दुखणे लगेच कमी होते. 1980 मध्ये 'लॅन्सेट'मधील एका अभ्यासात साध्या सलाइनचा परिणाम बधिर करणाऱ्या औषधापेक्षा कमी ठरला नाही. 2001 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. कोणते औषध टोचले याने फारसा फरक पडत नाही, असेच त्यातही दिसले. सुईचा स्वतःचा गुण किती आणि रुग्णाच्या विश्वासाचा किती, हेही अजून पक्के ठरलेले नाही.

म्हणून 'स्ट्राँग' औषधाचा आग्रह धरू नका. इंजेक्शनने दुखणे थोडे दिवस कमी होते, त्या दिवसांत स्नायू ताणण्याचे व्यायाम शिकून घ्या, बसण्याची पद्धत बदला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. छातीजवळ, पाठीच्या वरच्या भागात सुई चुकली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, त्यामुळे हे इंजेक्शन जाणकार डॉक्टरांकडूनच घ्या.

आणि गाठ वाढत असेल, ताप असेल, वजन घटत असेल किंवा हातात मुंग्या, अशक्तपणा असेल, तर इंजेक्शन नको, आधी तपासणी!