गोधडी, वार आणि मीटर

मापांचा इतिहास सरकारी राजपत्रांत असतो, तसा गोधडीच्या टाक्यांतही असतो.

१९५६ साली आपल्याकडे दशमान मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने बाजारात आली. कापडाच्या दुकानात वाराची जागा मीटरने घेतली. वार ३६ इंचांचा, मीटर ३९.३७ इंचांचा. नऊवारी लुगडे म्हणजे ८.२३ मीटर, हिशेब सोपा म्हणून नेमके आठ घेतले, तर नऊ इंच कापड कमी. निऱ्या घालताना ते लगेच कळते! आणि मीटरचा भाव देऊन वाराने मोजलेले कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे नुकसान शेकडा साडेआठ.

गोधडी शिवणारी मात्र निर्धास्त. जुनी लुगडी अंथरायची, वीत-बोटांनी अदमास घ्यायचा, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जायचे. तिचे माप निजणाऱ्याच्या अंगाचे.

ऑस्ट्रेलियात ठरीव नमुन्यावरून तुकडे जोडून गोधड्या शिवणाऱ्यांना ही मोकळीक नव्हती. तेथे १९७० साली मीटरचा कायदा झाला. पण नमुन्यांतली शिवण पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. ती सहाच धरली, की वीस तुकड्यांची ओळ तेरा मिलिमीटर लांब भरते आणि पाव इंचाने शिवलेल्या शेजारच्या ओळीशी जुळत नाही. मग कापड घ्यायचे मीटरने, शिवायचे इंचाने!

आपल्या शिंप्याने तरी दुसरे काय केले? कापड मीटरने मागितले, आणि छातीचे माप इंचांत लिहिले.