पाठीवर मूल, समोर रक्त

दुसरं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झालीत. तुम्ही टोकियोत, केइओ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभे आहात. रसायनांची टंचाई, पैशांची त्याहून जास्त. समोर डॉ. उताको ओकामोटो काम करतायत आणि त्यांच्या पाठीला लहानगी मुलगी बांधलेली आहे, कारण तिला सांभाळायला घरी कोणी नाही. शेजारी त्यांचे पती शोसुके. रक्त हाच विषय का निवडला, तर ते कमी पडलं की स्वतःचं काढून घेता येतं.

बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन दगावणाऱ्या बायका त्यांना वाचवायच्या आहेत. जखमेवर रक्त गोठतं, फायब्रिनच्या धाग्यांची जाळी बनते. पण शरीर लगेच प्लाझ्मिन तयार करून तीच जाळी विरघळवू लागतं. हे विरघळणं लांबवायचं आहे. लायसिन या अमिनो आम्लापासून सुरुवात करून एकेक रेणू तपासला जातो. १९६२ मध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगासमोर येतं, त्यांच्याच आधीच्या औषधाच्या २७ पट प्रभावी. प्लाझ्मिन ज्यापासून बनतं ते प्लाझ्मिनोजेन आपल्या ज्या जागेने फायब्रिनला चिकटतं, त्या जागेवर एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा लायसिनसारखाच एक रेणू आधी जाऊन बसतो.

पुढे तुम्ही कोबेला जाता. उताको आता तिथे प्राध्यापक आहेत. बाळंतिणींवर औषधाची चाचणी घ्या, असं त्या प्रसूतितज्ज्ञांना सांगतात. कोणी तयार होत नाही.

आता १९९०चं दशक, स्वीडनमधलं माल्मो. तुम्ही टोपी-मास्क घालून गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला हजर आहात. रुग्णाच्या मांडीला टुर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, आवळलंय, त्यामुळे उघडा गुडघा जवळजवळ कोरडा दिसतो. करवत चालते, हाडाची टोकं कापली जातात, सिमेंट लावून धातूचा सांधा बसतो. या कोरडेपणावर विसंबू नका. टुर्निके सुटलं की कापलेल्या हाडाच्या अख्ख्या पृष्ठभागातून रक्त झिरपू लागतं, आणि तिथे शिरेला मारतात तशी गाठ मारायची सोय नसते. त्यात शस्त्रक्रियेच्या धक्क्याने शरीराची गुठळ्या विरघळवण्याची क्रियाही जोरात असते. सर्जनचा हात कितीही सफाईदार असो, पुढचे कित्येक तास ड्रेनची बाटली भरत राहते.

टुर्निके सोडण्याआधी शिरेतून एक इंजेक्शन दिलं जातं आणि काही तासांनी पुन्हा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड की नुसतं सलाइन, हे तुम्हालाही माहीत नाही आणि सर्जनलाही नाही. ८६ रुग्णांची ही चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध होते. औषध न मिळालेल्यांचं सरासरी १४१० मिलिलिटर रक्त गेलं, मिळालेल्यांचं ७३०. जवळजवळ निम्मं!

ऑक्टोबर २०००, मुंबई. ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला गेलाय आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द घरोघरी पोचलाय. दुसऱ्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात थांबून बघा. ‘दोन बाटल्यांची सोय करून ठेवा,’ असं सांगितल्यामुळे मुलगा मित्रांना फोन लावतोय आणि जावई रक्तपेढीच्या रांगेत उभा आहे. ही धावपळ महाराष्ट्रातल्या किती कुटुंबांनी केली असेल!

बाळंतिणींची मोठी चाचणी अखेर झाली, अनेक देशांतल्या २०,०६० स्त्रियांवर. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिलं, तर रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झालं. उताको एप्रिल २०१६ मध्येच गेल्या होत्या. ज्यांच्यासाठी औषध शोधलं, त्यांच्या आधी ते गुडघ्यांना मिळालं, याची मला फार खंत वाटते.

आज आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी तुम्ही तिला घेऊन भूलतज्ज्ञांसमोर बसला आहात. हे औषध आता नेहमीचं झालंय. शिरेतून देतात, कधी थेट सांध्यात सोडतात. पायात पूर्वी गुठळी झाली होती का, फिट येतात का, मूत्रपिंड कसं आहे, हे डॉक्टर विचारतील. काही लपवू नका. आईचं हिमोग्लोबिन नऊ असेल तर तारखेची घाई करू नका. आधी ते का कमी आहे याचा शोध घेऊ द्या, गरज असेल तर लोह देऊन ते वाढू द्या. रक्तदाते शोधण्याआधी करायचं काम हे आहे, आणि त्याला काही आठवडे लागतात.