सिलिकॉनची वाटी आणि पाण्यातले अंडे

अंडे फोडून थेट गरम पाण्यात सोडायचे आणि ते अखंड, गोलसर, मऊ असे बाहेर काढायचे, ही वरवर सोपी वाटणारी कृती भल्याभल्यांची परीक्षा पाहते. ती सुकर करणारी सिलिकॉनची छोटी वाटी आता शहरांतील भांड्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळते. ही वाटी अंड्याला आकार देते. ते ताजे आहे का आणि पुरेसे शिजले आहे का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र स्वयंपाक करणाऱ्यावरच राहते.

तेलाचा वापर न करता, कवचाबाहेर काढून पाण्यात शिजवलेल्या अंड्याला इंग्रजी न्याहारीत 'पोच्ड एग' म्हणतात. हा शब्द पिशवी किंवा खिसा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. पिवळ्या बलकाभोवती पांढरा भाग पिशवीसारखा गुंडाळला जातो, म्हणून हे नाव. भारतात त्याचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. कोलकात्यात 'पोच' मागितल्यास बहुधा तव्यावर तेलात केलेले अंडे समोर येते.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला हे तंत्र अगदीच परके नाही. अंडी फोडून केलेले कालवण अनेक घरांत होते. रश्श्याची उकळी मंद करून त्यात एकेक अंडे अलगद सोडायचे, पळी न फिरवता झाकण ठेवायचे आणि अंडी धरेपर्यंत थांबायचे, ही त्याची रीत. खोबरे-कांद्याच्या वाटणाने दाट झालेला रस्सा अंड्याला धरून ठेवतो. नुसत्या पाण्यात तो आधार नसतो आणि तिथेच खरी अडचण सुरू होते.

पांढरा भाग का पसरतो?

अंड्याचा पांढरा भाग एकजिनसी नसतो. बलकाला लागून असलेला भाग दाट, तर कडेचा पातळ असतो. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून दिवसागणिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्या भागातील अल्कधर्मीपणा वाढतो आणि दाट भागही हळूहळू पातळ होत जातो. उष्ण हवेत ही क्रिया वेगाने होते. अमेरिकेतील रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये अंड्याचा दर्जा मोजण्याची जी पद्धत मांडली, ती याच गुणधर्मावर आधारलेली आहे. अंडे सपाट पृष्ठभागावर फोडून दाट पांढऱ्या भागाची उंची मोजायची आणि अंड्याच्या वजनाशी तिचा मेळ घालायचा, अशी ही पद्धत आजही जगभर वापरली जाते.

शिळे अंडे पाण्यात सोडले की पातळ भागाचे दोरे सुटतात आणि पाणी गढूळ होते. त्यावर काही जुने उपाय आहेत. पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्यास पांढरा भाग लवकर धरतो, पण अंड्याला किंचित आंबूस चव येते. दुसरा उपाय अधिक चांगला आहे. फोडलेले अंडे बारीक छिद्रांच्या झाऱ्यावर किंवा गाळणीवर काही क्षण ठेवले, की पातळ भाग गळून जातो व दाट भाग आणि बलक उरतो. सिलिकॉनची वाटी हा यावरचा तिसरा मार्ग. अंडे पाण्यात मोकळे सोडायचेच नाही, असा त्यामागचा विचार आहे.

वाटी नेमके काय करते?

सिलिकॉन नावाचे मूलद्रव्य आणि वाटीचा रबरासारखा पदार्थ मराठीत एकाच नावाने ओळखले जात असले, तरी दोन्ही भिन्न आहेत. वाटीच्या पदार्थात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एकाआड एक साखळी असते. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या वर्गातील संयुगांचा पाया घालणारे संशोधन केले आणि त्यांना नावही दिले. हा पदार्थ लवचीक असतो, उकळत्या पाण्याचे तापमान सहज सोसतो आणि त्याला अन्न फारसे चिकटत नाही. मात्र तो उष्णतेचा मंद वाहक आहे. त्यामुळे पाण्यात मोकळे सोडलेले अंडे तीन ते चार मिनिटांत होते, तर वाटीतल्या अंड्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

काटेकोरपणे पाहता, वाटीतले अंडे पाण्यात शिजतच नाही. खालून वाटीच्या भिंतीतून येणारी उष्णता आणि वरून झाकणाखाली कोंडलेली वाफ यांवर ते शिजते. त्याचे नाते मोकळ्या पोच अंड्यापेक्षा इडलीशी अधिक जवळचे आहे. म्हणूनच ते तळाशी गुळगुळीत, आकाराने नेमके आणि काहीसे घट्ट होते. काही वाट्यांना बारीक छिद्रे असतात. त्यांतून थोडे पाणी आत येत असल्याने पोत मूळ पदार्थाच्या जवळ जातो.

घरी करण्याची कृती

पसरट पातेल्यात तीन ते चार सेंटिमीटर पाणी घेऊन उकळी आणावी आणि नंतर आच मंद करावी. पाण्यात लहान बुडबुडे दिसावेत, खळखळ नसावी. वाटीला आतून तूप, लोणी किंवा तेलाचा हात लावावा. अंडे थेट वाटीत न फोडता आधी वेगळ्या बशीत फोडावे. त्यामुळे कवचाचा तुकडा काढता येतो आणि अंडे खराब निघाल्यास ते वेळीच कळते. मग ते अलगद वाटीत ओतून वाटी पाण्यात सोडावी. तरंगणारी वाटी तशीच ठेवावी. बुडाला टेकणारी वाटी असल्यास पाणी तिच्या निम्म्या उंचीपर्यंत असावे.

पातेल्यावर झाकण ठेवणे आवश्यक आहे. झाकण नसेल तर तळ घट्ट होतो आणि वरचा पांढरा भाग पाणचट राहतो. मोदक उकडताना झाकणाला फडके गुंडाळतात, तसे येथेही केल्यास वाफेचे थेंब अंड्यावर पडत नाहीत. मऊ बलकासाठी साधारण सहा ते सात मिनिटे आणि घट्ट बलकासाठी नऊ ते दहा मिनिटे पुरतात. फ्रिजमधून नुकतेच काढलेले अंडे एखादे मिनिट जास्त घेते. वाटीची जाडी आणि पातेल्याचा आकार यांनुसार वेळ बदलत असल्याने प्रथम एकच अंडे करून आपल्या वाटीचा वेळ ठरवावा. शिजलेले अंडे वाटीत राहू दिल्यास ते आतल्या उष्णतेने शिजतच राहते. म्हणून कडेने चमचा फिरवून ते लगेच ताटलीत उलटावे.

तापमानाचा हिशेब

अंडे एकाच तापमानाला शिजत नाही, त्यातील निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या तापमानांना धरतात. पांढरा भाग सुमारे ६२ ते ६३ अंश सेल्सियसला दाट होऊ लागतो. पिवळा बलक ६५ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो आणि ७० अंशांना धरतो. पांढऱ्या भागातील मुख्य प्रथिन मात्र ८० अंशांच्या पुढेच पूर्णपणे घट्ट होते. पांढरे धरलेले आणि बलक वाहता, हा समतोल त्यामुळेच थोड्या मिनिटांच्या खेळावर अवलंबून असतो.

हाच हिशेब आरोग्याशीही जोडलेला आहे. साल्मोनेला हा जिवाणू कवचावर असू शकतो, तसाच संसर्ग झालेल्या कोंबडीच्या अंड्यात कवच तयार होण्याआधीच शिरू शकतो. अंड्याच्या पदार्थांचे आतील तापमान ७१ अंशांपर्यंत जावे, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. याचा अर्थ, वाहता बलक या कसोटीला उतरत नाही.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. डिसेंबर १९८८ मध्ये तेथील आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतांश अंडी उत्पादनात साल्मोनेला असल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांतच त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९९८ पासून सिंहाची मुद्रा असलेल्या अंड्यांच्या योजनेत कोंबड्यांचे लसीकरण बंधनकारक झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील अन्न मानक संस्थेने या मुद्रेची अंडी गर्भवती, बालके आणि वृद्ध यांनीही अर्धकच्ची खाण्यास हरकत नसल्याचे जाहीर केले. ही मुभा त्या विशिष्ट अंड्यांपुरती आहे. परदेशी पाककृतींतील वाहता बलक पाहताना हा तपशील ध्यानात ठेवायला हवा. भारतात जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या पार्श्वभूमीवर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अर्धकच्ची अंडी न खाण्याचा सल्ला दिला होता. घरात लहान मूल, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती असेल, तर तिच्यासाठी बलक घट्ट होईपर्यंतच अंडे शिजवणे शहाणपणाचे ठरते.

हरपलेली खूण

वाटीची मोठी सोय हाच तिचा दोषही आहे. मोकळ्या पाण्यात सोडलेले शिळे अंडे पसरते आणि आपले वय उघड करते. वाटीत मात्र ताजे आणि जुने, दोन्ही अंडी सारखीच गोल दिसतात. आकारावरून मिळणारी इशाऱ्याची खूण हरपते, म्हणून ती आधी शोधावी लागते. बशीत फोडलेल्या अंड्याचा बलक उंच आणि पांढरा भाग त्याला बिलगून असेल, तर अंडे ताजे समजावे. पाण्याच्या भांड्यात ताजे अंडे आडवे बसते, जुने एका टोकावर उभे राहते आणि फार जुने तरंगते. ही परीक्षा अंड्याचे वय सांगते, जिवाणूंविषयी काहीही सांगत नाही. ताजे अंडेही संसर्गमुक्त असेलच असे नाही.

खरेदी आणि निगा

वाटी घेताना ती अन्नासाठी योग्य असल्याचा आणि किती तापमान सोसते याचा उल्लेख वेष्टनावर पाहावा. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेच्या शिफारशीनुसार अशा सिलिकॉनमधून बाहेर पडणाऱ्या बाष्पशील द्रव्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावे. उग्र वास येणारी किंवा चिकट लागणारी वाटी टाळावी. नवी वाटी वापरण्यापूर्वी धुऊन उकळत्या पाण्यात ठेवावी. ती गॅसच्या ज्योतीला किंवा कोरड्या तापल्या बुडाला लागू देऊ नये. सिलिकॉनवर तेलाचा थर साचतो आणि वासही धरतो. अशा वेळी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात वाटी उकळावी. तारेची घासणी आणि सुरी यांपासून ती दूर ठेवावी. चिरा पडल्यास बदलावी.

मायक्रोवेव्हमध्ये वाटी वापरताना विशेष सावधगिरी हवी. बलकाच्या पातळ आवरणाखाली वाफ कोंडली की अंडे फुटते. हा स्फोट कधी कधी ओव्हनमधून बाहेर काढल्यावर, चमचा लागताच होतो आणि चेहरा भाजू शकतो. त्यामुळे बलकाला टोचणीने छिद्र पाडावे, वाटी सैल झाकावी, कमी शक्तीवर थोड्या थोड्या सेकंदांनी तपासावे आणि अंडे काढल्यावर मिनिटभर थांबावे. शक्य असेल तेथे गॅसवरचे पातेलेच बरे.

असे अंडे पावावर, पालकाच्या भाजीवर किंवा तुर्कस्तानात करतात तसे लसूण घातलेल्या दह्यावर वाढता येते. वरून मीठ, मिरपूड किंवा लाल तिखटाची फोडणी पुरते. तेलाची बचत, कमी पसारा आणि हमखास आकार एवढे वाटी देते. बशीत फोडलेल्या अंड्याकडे टाकलेली एक नजर आणि घड्याळाकडे टाकलेली दुसरी, या दोन गोष्टी मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.