घरातील सुधारणा आणि घराचे मोल : मुंबईतील 'ब्लॉक'चा इतिहास (१८९६ ते १९६३)

प्रस्तावना

घर विकावयाचे असल्यास आधी स्वयंपाकघर व न्हाणीघर सुधारून घ्यावे, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. फरशी, ओटा, नळ व रंग यांवरील खर्च विक्रीच्या किमतीत भरून निघतो, हे त्यामागील गृहीतक होय. हे गृहीतक कोणत्या परिस्थितीत रूढ झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात मुंबईतील मध्यमवर्गीय 'ब्लॉक'च्या संदर्भात केला आहे. आतील सुधारणेला बाजारात जे मोल येते, त्याचा मोठा भाग घराबाहेर, सार्वजनिक खर्चातून व इतरांच्या श्रमांतून निर्माण होतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

चाळ : सामाईक सोयींचे घर

१८९६ च्या प्लेगमुळे मुंबईतील दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला व १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या काळी चाळीतील बिऱ्हाडास एक-दोन खोल्या व फार तर एक मोरी मिळे. शौचकूप सामाईक असून बहुधा इमारतीच्या मागील अंगास असत. टोपलीच्या संडासांतील मैला उचलण्यासाठी हलालखोर कामगार दोन इमारतींमधील अरुंद गल्लीतून ये-जा करीत. शौचकूप राहत्या खोल्यांपासून दूर ठेवण्यामागे दुर्गंधीइतकीच सोवळ्याओवळ्याची व जातीची कल्पना होती. अशा घराची आतून कितीही डागडुजी केली, तरी त्याचे मोल एका मर्यादेपलीकडे वाढणे शक्य नव्हते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतही सुमारे १६० चौरस फुटांची खोली व मजल्यावरील सामाईक शौचालये हीच रचना राहिली.

'ब्लॉक'ची घडण

याच सुमारास दादर-माटुंगा परिसरात ट्रस्टने आखलेल्या भूखंडांवर निराळ्या प्रकारचे घर उभे राहू लागले. रस्ते, नळाचे पाणी व भुयारी गटारे यांमुळे पाण्याने धुऊन निघणारा संडास घराच्या आत आणणे शक्य झाले. स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडास एकाच दाराआड असलेला 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' १९२० व १९३० च्या दशकांत मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचे लक्षण ठरला. तथापि काही इमारतींत संडास मागील बाजूस ठेवून सफाई कामगारासाठी स्वतंत्र जिना दिला जाई. म्हणजे जातीची कल्पना नाहीशी न होता घराच्या नकाशात सामावली गेली.

सोयींपाठोपाठ अभिरुचीही घडत गेली. स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सची सिमेंटची फरशी अनेक घरांत आली. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरविले. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांचा 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' हा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र आदर्श घराच्या या चित्राला अर्थ होता तो नळाला पाणी व गटाराला उतार असलेल्या वस्तीतच.

भाड्याकडून विक्रीकडे

तोवर मुंबईतील बहुतेक ब्लॉक भाड्याने दिले जात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे सुधारणेवर खर्च करण्यात घरमालकास स्वारस्य उरले नाही. भाडेकरूने केलेल्या सुधारणेचे मोल पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागले. ही पागडी त्या कायद्याने निषिद्ध होती. तिला मान्यता मिळाली ती १९९९ च्या कायद्याने. दुसरीकडे, बांधकाम व्यावसायिक भाड्याऐवजी ब्लॉक विकण्याकडे वळले. खरेदीदारांच्या फसवणुकीस आळा घालण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. घरातील जोडण्या, बसविलेले साहित्य व सुखसोयी यांचे स्वरूप खरेदीदारास उघड करणे त्याने विकासकावर बंधनकारक केले. अशा रीतीने आतील सोयी घराच्या विक्रीव्यवहाराचा कायदेशीर भाग बनल्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, घराची किंमत वाढविणारी पहिली निर्णायक सुधारणा शोभेची नसून सांडपाण्याची होती. तिचा लाभ खाजगी मालकीत जमा झाला. तिचा पाया मात्र सार्वजनिक जलवाहिन्या, गटारे व सफाई कामगारांचे श्रम यांवर उभा होता. हा पाया सर्वांना सारखा मिळाला नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना पुनर्विकासात स्वतंत्र शौचालय असलेली ५०० चौरस फुटांची घरे मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले. दादरच्या ब्लॉकमध्ये जी सोय १९३० च्या दशकात आली, ती तेथून काही मैलांवरील गिरणी कामगारांच्या वस्तीत पोहोचण्यास तीन पिढ्या गेल्या. घराच्या मूल्यवृद्धीचा अभ्यास करताना मालकाने भिंतीच्या आत केलेला खर्च जसा मोजला जातो, तसा समाजाने भिंतीबाहेर केलेला खर्चही मोजला जाणे आवश्यक आहे.