भाषा-अध्यापन, द्वितीय व परकीय

मातृभाषेव्यतिरिक्त अन्य भाषा शिकण्याच्या प्रक्रियेचा व शिकविण्याच्या पद्धतींचा अभ्यास करणारी अनुप्रयुक्त भाषाविज्ञानाची शाखा. मातृभाषा नसलेली, परंतु परिसरात व्यवहारात असलेली भाषा ही द्वितीय भाषा, तर परिसरात न बोलली जाणारी भाषा ही परकीय भाषा होय. उदा., नवी मुंबईतील सीवूड्स येथे वाढणाऱ्या मलयाळम् भाषिक मुलास मराठी ही द्वितीय, तर जर्मन ही परकीय भाषा ठरते.

मराठी परभाषिकांना शिकविण्याचे आरंभीचे प्रयत्न राज्यकारभार व धर्मप्रसार यांच्या गरजेतून झाले. विल्यम कॅरी (१७६१–१८३४) याने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकविली व मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) प्रसिद्ध केले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. या प्रयत्नांचा भर साधनग्रंथांवर होता. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा विचार त्यांत गौण राहिला.

या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासास स्वातंत्र्योत्तर काळात चालना मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५४ पासून भाषाविज्ञानाची प्रशिक्षणसत्रे भरू लागली. इंग्रजीच्या अध्यापकांसाठी हैदराबाद येथे १९५८ मध्ये केंद्रीय संस्था निघाली. १९७२ मध्ये तिच्या कक्षेत परकीय भाषाही आल्या व २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हैसूर येथील भारतीय भाषा संस्थेने (स्थापना १९६९) पुण्यात पश्चिम विभागीय भाषा केंद्र उघडून अन्य प्रांतांतील सेवेत असलेल्या शिक्षकांना मराठी, गुजराती व सिंधी शिकविण्याची सोय केली. मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांनी अमराठी अभ्यासकांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण (१९७५) सिद्ध केले.

मातृभाषा म्हणून मराठी शिकविणारा शिक्षक ती द्वितीय भाषा म्हणून शिकविण्यास आपोआप समर्थ होत नाही. कारण विद्यार्थ्याची अडचण त्याच्या मातृभाषेनुसार बदलते. हिंदी भाषिक मूल नपुसकलिंगाशी व ‘आम्ही-आपण’ या भेदाशी अडते. मलयाळम् भाषिकास हा भेद परिचित असतो. मात्र खुर्ची, दार यांसारख्या निर्जीव वस्तूंचे लिंग त्यास अवघड जाते. मराठी मुलास या गोष्टी शाळेत येण्यापूर्वीच अवगत असतात, म्हणून शिक्षकास त्या शिकवाव्या लागत नाहीत.

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली आणि २०२० च्या अधिनियमाने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे पूर्वी अधिकारी व संशोधक यांच्यापुरते मर्यादित असलेले हे शास्त्र आता सामान्य वर्गशिक्षकाच्या गरजेचे झाले आहे. सक्तीने भाषेचा तास वेळापत्रकात येतो. ती विद्यार्थ्याच्या तोंडी रुळणे मात्र शिक्षकाच्या सिद्धतेवर अवलंबून असते.