तळटीप : चौक, सोपा, सुरूदार खांब, दिंडी
१. पेशवेकालीन वाड्याच्या वर्णनात वारंवार येणाऱ्या या संज्ञांपैकी ‘चौक’ म्हणजे चहूंबाजूंनी इमारतीने वेढलेले, परंतु वरून आकाशास उघडे असे अंगण. त्याच्या सभोवती दगडी जोत्यावर, चौकाच्या अंगास भिंतीऐवजी खांबांची ओळ असलेला जो दालनवजा भाग, तो ‘सोपा’. उजेड व वारा यांची तरतूद चौकामुळेच होत असल्याने रस्त्याकडील भिंती जवळजवळ निर्गवाक्ष ठेवता येत, आणि बंदोबस्त व एकांत ही दोन्ही प्रयोजने एकाच योजनेने साधत. सोप्याचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे करीत. ज्यांचा दंड सुरूच्या वृक्षाप्रमाणे वर निमुळता होत जातो, ते ‘सुरूदार’. दोन खांबांमधील लाकडी ‘महिरप’ कमानीसारखी दिसली तरी ती बहुधा शोभेपुरतीच असे. माळ्याचा भार तुळयांमार्फत खांबांवर उतरे. ‘दिंडी’ म्हणजे महाद्वाराच्या प्रचंड फळीत ठेवलेले, एकेका माणसाने वाकून आत यावे एवढेच दार. त्यामुळे मुख्य दरवाजा बंद असतानाही राबता चालू राही, आणि येणाऱ्यावर पहारेकऱ्याची नजर राही.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले व १७३२ साली वास्तुशांत झाली. परंतु १८२८ च्या अग्निप्रलयात आतील काष्ठमय इमारती भस्मसात होऊन तेथे मुख्यतः तट, दरवाजे व जोतीच उरली असल्यामुळे, सोप्याखांबांची रचना प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्या वाचकाने दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पाहावा. — संपादक