कोळशाचे अंतर

‘कोळसा की अणू’ हा वाद आज आपण प्रदूषण आणि किरणोत्सर्ग यांच्या भाषेत ऐकतो. स्वातंत्र्योत्तर भारतात मात्र तो आरंभी अंतराच्या भाषेत मांडला गेला. कुर्डुवाडीला ती भाषा परकी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचा प्रत्येक फेरा दूरच्या खाणीवर अवलंबून असे.

होमी भाभांनी १९५० च्या दशकात नेमका हाच मुद्दा पुढे केला. खाणींपासून दूर असलेल्या प्रदेशांत कोळशाच्या वाहतुकीचा खर्च धरला, तर अणुवीज स्पर्धेत टिकू शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईच्या उत्तरेस तारापूर येथे १९६९ मध्ये दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, त्यामागे हा हिशेब होता. पण त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून येई, आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडचणीत आला. अंतर मिटले नव्हते. ते रेल्वेच्या नकाशावरून परराष्ट्रनीतीच्या नकाशावर गेले होते.

या हिशेबात वाहतूक होती, पाणी जवळजवळ नव्हते. सोलापूरजवळ एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रात २०१७ आणि २०१९ मध्ये प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच कार्यान्वित झाले. त्यांचे पाणी येते उजनी जलाशयातून. उजनी धरण ज्या माढा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कुर्डुवाडी आहे. अवर्षणाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात वीज आणि ऊस एकाच जलाशयाकडे हात पसरतात. अणुकेंद्र समुद्राकाठी न्यावे, तर हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु जैतापूरच्या शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी आपली जमीन व आपला समुद्र यांची किंमत विचारली. एप्रिल २०११ मध्ये तेथील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला.

कोळशाच्या खात्यावर राख, धूर आणि तापते हवामान आहे. अणूच्या खात्यावर प्रचंड भांडवल, दीर्घ विलंब आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागणारे वापरलेले इंधन आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. ते इष्ट की अनिष्ट, हे ठरवताना प्रतियुनिट दर पुरेसा ठरणार नाही. वीज जिथे वापरली जाते आणि तिची किंमत जिथे मोजली जाते, त्या दोन ठिकाणांतील अंतर अजून कोणत्याही धोरणाने नीट मोजलेले नाही.